सासऱ्यांच्या छातीवरचं चुंबक

अठ्ठाविसाव्या वर्षी मला जगातलं कुठलंही यंत्र उघडता येत होतं. परत मिटता येत नव्हतं, एवढीच काय ती उणीव. लग्न होऊन तीन वर्षं होईपर्यंत मी सासरची इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, मिक्सर आणि दारावरची घंटा उघडून पाहिली होती. त्या घंटेचं बटण कुणी एकदा दाबलं, तरी ती पुढे कायम दोनदा वाजत राहिली. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "एक तुमची, एक आमच्या सूनबाईंची."

मी भोसरीच्या एका कारखान्यात कामाला होते. लांबलचक टेबलाला आम्ही वीसेक बायका बसायचो आणि टीव्हीच्या आतल्या पाट्यांवर सुटे भाग सोल्डर करायचो. एका पाटीवर माझ्या वाट्याला नऊ टाके. तेवढे नऊ टाके सुबक मारता यायचे म्हणून तेव्हाची ही बाई स्वतःला शास्त्रज्ञ समजायची. आज तिला समोर उभं केलं तर कान धरून विचारीन, बाई गं, दहावा टाका कशासाठी होता ते तरी तुला माहीत होतं का? नव्हतं. तो शेजारची मारायची.

आमचं घर कर्वेनगरात होतं, नव्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. गॅलरीतून तेव्हा अजून ज्वारीची शेतं दिसायची. घरात आम्ही चौघं. सासूबाई, सासरे, हे आणि मी. सासऱ्यांना मी बाबा म्हणायचे. ते तार खात्यातून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं कट्ट कडकट्ट ऐकून त्यांच्या बोटांना सवयच लागली होती. आमटी गार व्हायची वाट बघत बसले की ताटाच्या कडेवर बोटानं कुणाला तरी तार पाठवत असायचे. यंत्रांचं वेड घरात आम्हा दोघांनाच. कॅम्पातून मी आकडे दाखवणारं डिजिटल घड्याळ आणलं, तेव्हा ह्यांनी "वेळ तीच दाखवतं ना?" एवढंच विचारलं आणि अंघोळीला गेले. बाबांनी मात्र ते घड्याळ तासभर हातात घेऊन, सेकंदाचा आकडा एकोणसाठवरून शून्यावर कसा जातो ते पाहिलं. दर वेळी तेवढ्याच आनंदानं.

रंगीत टीव्ही आला तेव्हा तर आमची चैनच झाली. रविवारी सकाळी एक परदेशी मालिका लागायची. एक यान, यानात चार माणसं आणि दर आठवड्याला नवा ग्रह. ग्रह बदलायचा, दगड तेच असायचे. सासूबाई त्या वेळी भजनी मंडळात आणि हे स्कूटर घेऊन मंडईत. घरात बाबा आणि मी. इंग्रजी संवाद त्यांना माझ्या आधी कळायचे. मी यानाच्या भिंतीवरचे लुकलुकणारे दिवे बघून "हा दाब दाखवतोय", "हा विजेचा" असं ठोकून द्यायची. ते मान डोलवायचे. त्यांचा विश्वास होता की सभ्यता, हे मला आजवर कळलेलं नाही.

त्या वर्षी आषाढात बाबा दोनदा चक्कर येऊन पडले. एकदा गॅलरीत आणि एकदा दूध केंद्राच्या रांगेत, हातात बाटल्या असताना. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या वरच्या भागातून खाली जाणारा विजेचा संदेश मधेच अडतोय, पेसमेकर बसवायला लागेल. सासूबाईंनी भिंतीचा आधार घेतला. ह्यांचा चेहरा उतरला. बाबा मात्र म्हणाले, "म्हणजे लाइन खराब आहे. मधे संदेश पुढे ढकलायला रिपीटर टाकणार."

आणि मी? मी डॉक्टरांना विचारलं, त्याचा सेल केवढा असतो हो?

सासूबाईंनी तेव्हा माझ्याकडे जे पाहिलं, ते मी आजही कुणाला करून दाखवू शकते. पण खरं सांगते, मला वाईट वाटत नव्हतं. उत्सुकतेनं माझे तळवे घामेजले होते. आमच्या घरातल्या माणसाच्या छातीत यंत्र! यानातल्या माणसांच्याही छातीत नव्हतं.

भीती नंतर आली, आणि आली ती यंत्र बसवून महिना झाल्यावर, पहिल्या तपासणीच्या दिवशी. डॉक्टरांनी बाबांना झोपवलं, छातीला तारा लावल्या आणि खणातून एक काळं, बांगडीएवढं चुंबक काढून डाव्या खांद्याखाली, यंत्र बसवलं होतं तिथं, ठेवलं. कागदाच्या पट्टीवरचे ठोके एकदम जवळ जवळ यायला लागले. मी विचारणार नाही असं कसं होईल? डॉक्टर भले होते. त्यांनी समजावून सांगितलं की एरवी हे यंत्र गरज पडेल तेव्हाच ठोका देतं. चुंबक ठेवलं की ते आपल्या ठरलेल्या वेगानं चालतं, मिनिटाला पंच्याऐंशी. हा आकडा खाली यायला लागला की समजायचं, सेल उतरत चाललाय.

"आणि पुढची तपासणी?"

"सहा महिन्यांनी या."

सहा महिने! आमच्या टॉर्चचे सेल तेवढ्या वेळात दोनदा उतरायचे. घरी येताना बसमध्ये मी बाबांच्या सदऱ्याच्या त्या भागाकडे बघत होते. सेल संपतो म्हणजे काय, ते मला रोज दिसायचं. ट्रान्झिस्टरचा आवाज बारीक होत जातो, घड्याळातले आकडे फिके पडतात. मग एका क्षणी काही नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की ज्याच्याकडे मी इतके दिवस यंत्र म्हणून कौतुकानं बघत होते, त्याच्या दुसऱ्या टोकाला बाबा आहेत.

तेव्हापासून कामावरून येताना जिना चढायची मला धास्ती वाटायला लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी थांबायची आणि आधी आमच्या दारातल्या चपला मोजायची. तीन जोड दिसले की जीव भांड्यात. एकदा आठ-दहा जोड दिसले. मी कठड्याला धरून उभी राहिले, आता वर जाऊन काय बघायचं ते सगळं डोळ्यांपुढे येऊन गेलं. आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा आठवलं, शुक्रवारी भिशी होती.

पण ही बाई भित्री असली तरी शास्त्रज्ञ होती ना! सहा महिने घाबरत बसण्यापेक्षा आपणच तपासावं असं तिनं ठरवलं. जुन्या बाजारातल्या एका चाचांकडून मोडक्या रेडिओचा स्पीकर आणला. चाचा कागदात बांधून देताना म्हणाले, "ताई, घड्याळाजवळ ठेवू नका बरं का, लोहचुंबक तगडं आहे." मी मनात म्हटलं, कुणाला शिकवताय! स्पीकर फोडून चुंबकाची चकती काढली, साबणानं धुतली आणि रविवारी मालिका सुरू व्हायच्या आधी बाबांपुढे ठेवली.

त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. डोळे चमकले. म्हणाले, "सरकारी तपासणी सहा महिन्यांनी, आणि खाजगी दर रविवारी. असं ना?"

आता अडचण वेगळीच. आमचं घर पुढारलेलं होतं. मी नोकरी करायची, डोक्यावर पदर नाही, सासऱ्यांच्या शेजारी बसून टीव्ही बघायची. पण सासऱ्यांना स्पर्श म्हणजे सणावारी वाकून पायांना लागतील तेवढी बोटं. त्यांनी सुनेसमोर सदऱ्याचं बटण काढणं ही कल्पनाही आम्हा दोघांच्या डोक्यात आली नाही. मी चकती टीपॉयवर ठेवायची. ते उचलायचे आणि सदऱ्यावरूनच डाव्या खांद्याखाली धरायचे. मग उजवा हात माझ्याकडे करायचे आणि तोंड टीव्हीकडे. मी नाडी धरायची, डोळे घड्याळावर. आधी चुंबकाशिवाय एक मिनिट, मग चुंबक लावून एक मिनिट. पहिल्या दिवशी सत्तर आणि पंच्याऐंशी. डॉक्टरांनी सांगितला तोच आकडा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून असे हसलो, जसं काही ते यंत्र आम्हीच बसवलंय.

हे घरात कुणालाही सांगायचं नाही, हे न बोलता ठरलं. चकती मी टीव्हीच्या मागे लपवली. संध्याकाळी बातम्या देणाऱ्या बाईचा निम्मा चेहरा हिरवा.

"हिला कावीळ झाली वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

बाबांना इतका खोकला आला की पाणी द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी चकती शिवणयंत्राच्या खणात हलवली.

खंडेनवमीला सासूबाई घरातल्या सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावायच्या. स्कूटर, मिक्सर, शिवणयंत्र, टीव्ही, माझं सोल्डरिंगचं आयर्नसुद्धा. पाटावर मांडून प्रत्येकावर झेंडूचं फूल. त्या वर्षी त्या तबक घेऊन खोलीभर फिरत होत्या आणि खुर्चीत बसलेल्या बाबांनी सदऱ्याच्या खिशावर टिचकी मारून म्हटलं, "आणि याला? हेही यंत्रच आहे की."

हे हसले, मीही हसले. सासूबाई थांबल्या. "नसते विनोद करू नका," एवढंच म्हणून आत गेल्या. तबकातली वाटी खुळखुळ वाजत होती. मला वाटलं, रागावल्या.

दिवाळी झाली. थंडी पडली. कर्वेनगरात तेव्हा इमारती कमी, कालव्यावरून वारा थेट घरात यायचा. बाबांनी ट्रंकेतून लोकरी बनियन काढली, त्यावर सदरा, त्यावर सासूबाईंनी विणलेला जाड स्वेटर आणि गळ्यातून मफलर, तो छातीवर दुहेरी. अशा पोशाखात ते त्या रविवारी टीव्हीपुढे बसले. चकती उचलली, छातीवर धरली, हात पुढे केला.

एकाहत्तर.

मी म्हटलं, मोजण्यात चूक झाली. पुन्हा मोजले. सत्तर.

माझ्या बोटांखाली त्यांची नाडी शांतपणे चालली होती. माझी कानात वाजत होती. आकडा खाली यायला लागला की समजायचं. डॉक्टरांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तीन महिन्यांत?

"किती?" बाबांनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं.

"पंच्याऐंशी."

कसं निघालं तोंडातून, कोण जाणे. नंतर बदलता आलं नाही. मालिकेत त्या दिवशी नेमकी यानातली हवा संपत आली होती. ती मोजणारा तरुण बाकीच्या तिघांना सांगत होता, भरपूर आहे. मालिका लिहिणाऱ्याला माझ्या घरातलं कुणी कळवलं, असा एक वेडा विचार मनात येऊन गेला. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच कोथिंबीर निवडायला बसले.

तो आठवडा कसा गेला ते सांगते. कारखान्यात टाके वाकडे पडायला लागले. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "घरी काही विशेष?" मी नाही म्हटलं, त्यांनी हसून भलताच अर्थ काढला. घड्याळ पुढे पळत असेल म्हणून त्याचा सेल बदलून आणला, रेडिओवरच्या ठोक्यांशी लावून पाहिलं. घड्याळ चोख. मग एकच उरलं. बाबांच्या छातीतला सेल उतरतोय आणि ते साऱ्या पुण्यात फक्त मला माहीत आहे. डॉक्टरांकडे जायचं, तर ते विचारणार, तुम्हाला कसं कळलं. सांगायचं, तर चुंबकाचं सांगायला लागणार. डॉक्टरांना सांगितलं की ह्यांना, ह्यांना कळलं की सासूबाईंना. आणि न सांगावं, तर?

एक माणूस मरेल या भीतीपुढे, आपल्याला बोलणी बसतील ही भीती केवढी? शेंगदाण्याएवढी. पण त्या बाईला दोन्ही सारख्याच मोठ्या दिसत होत्या. तिच्याकडे आज बघते तेव्हा हसू येतं आणि पुढच्याच क्षणी हसू जातं. दुपारी बाबा खुर्चीत डुलकी घ्यायचे, हनुवटी मफलरवर टेकलेली. मी सुट्टीच्या दिवशी केरसुणी घेऊन उगाच त्यांच्या भोवती फिरायची आणि एखादं भांडं मुद्दाम पाडायची. ते दचकून जागे व्हायचे. मला हायसं वाटायचं.

पुढच्या रविवारी सत्तर. मी म्हटलं, "पंच्याऐंशी."

त्याच्या पुढच्या रविवारी बाहत्तर. माझा आवाज मलाच परका वाटला. "पंच्याऐंशी."

बाबांनी चकती टीपॉयवर ठेवली. मालिका सुरू झाली होती, त्यांनी उठून आवाज बंद केला. यानातली माणसं मुक्यानं धावत राहिली.

"सूनबाई, तार खात्यात चुकीचा आकडा पुढे पाठवला तर पगार कापायचे."

मी घड्याळ पदरानं पुसायला लागले.

"मोजता मलाही येतं गं. जन्म त्यातच गेला. गेले तीन रविवार सत्तर, बाहत्तर. असंच ना?"

माझे डोळे भरून आले. "मग तुम्ही बोलला का नाहीत, बाबा?"

ते टीव्हीकडे बघत म्हणाले, "तू पंच्याऐंशी म्हणायचीस. ऐकायला बरं वाटायचं."

नाडीसाठी पुढे करायचा तो उजवा हात त्यांनी डाव्या हातानं धरून ठेवला होता. या घरात भीती फक्त मला वाटते अशी माझी समजूत होती. आम्ही दोघं तीन आठवडे एकमेकांना फसवत एकाच गोष्टीला घाबरत बसलो होतो.

"डॉक्टरांकडे जायला हवं," मी म्हटलं. "आजच."

"हो. पण आधी हिला सांगायला हवं. तू सांगतेस?"

"तुम्ही सांगा ना."

"मी हृदयाचा रुग्ण आहे," बाबा म्हणाले.

तेवढ्यात दारावरची घंटा दोनदा वाजली. सासूबाई भजनाहून आल्या होत्या, खांद्याला झोळी, झोळीत टाळ. मी दारातच त्यांना सगळं सांगितलं. चुंबक, दर रविवार, पंच्याऐंशी, सत्तर, खोटं. एका दमात. त्या ऐकत असताना टाळांची दोरी बोटाला गुंडाळत होत्या. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी काढलेल्या चपला परत पायात घातल्या.

"रिक्षा बोलव," त्या म्हणाल्या.

रिक्षात बाबा मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना. कर्वे रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला मी बाबांच्या छातीकडे बघत होते. हा धक्का जास्त झाला तर? हा? सासूबाईंचा हात बाबांच्या गुडघ्यावर होता. चारचौघांत त्यांना कधी नवऱ्याच्या शेजारी बसलेलंही मी पाहिलं नव्हतं. तो हात रुग्णालय येईपर्यंत तिथून हलला नाही.

डॉक्टर रविवारी सकाळी रुग्णांना बघायला यायचे, तसे होते. मी म्हटलं, "यांचा सेल उतरलाय."

"असं? कुणी सांगितलं?"

मी पर्समधून चकती काढली. तिला चार टाचण्या, केसांचे दोन आकडे आणि एक सेफ्टी पिन चिकटून आली. डॉक्टरांनी चकतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सासूबाईंकडे. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

बाबांना आत नेलं. आम्ही दोघी पडद्याबाहेर बाकावर. यंत्राची घरघर, कागद सरकल्याचा आवाज. ते पाच मिनिटं असतील. त्या पाच मिनिटांत मी देवाला जे जे कबूल केलं, त्यातलं निम्मं अजून फेडायचं राहिलंय.

डॉक्टर बाहेर आले, हातात पट्टी. "पंच्याऐंशी. सेल उत्तम आहे."

मला कळेना. "पण डॉक्टर, तीन आठवडे..."

"तुम्ही हे लावायचा कसं? कपड्यावरून?"

"हो. म्हणजे... सदऱ्यावरून."

"आणि आज? स्वेटर, मफलर, लोकरी बनियन? अहो, चुंबकाचा जोर किती लांब पोचतो? इतक्या लोकरीतून यंत्राला पत्तासुद्धा लागला नाही कुणी काही धरलंय म्हणून. तुम्ही तीन रविवार यांची साधी नाडी मोजत होतात." डॉक्टर आतापर्यंत हळू बोलत होते. आता त्यांचा आवाज चढला. "सासऱ्यांच्या काळजाशी खेळायला लाज वाटली नाही, आणि स्वेटर काढा म्हणायला वाटली?"

पडद्याआडून बाबांच्या खोकल्याचा आवाज आला. मलाही हसू फुटणार होतं, सुटकेचं. पण डॉक्टर हसत नव्हते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि नीट सांगितलं, की चुंबक लावलं की ते यंत्र आंधळं होतं. हृदयाचा स्वतःचा ठोका पडतोय की नाही हे न बघता ते आपले ठोके टाकत राहतं. नको त्या क्षणी ठोका पडला तर हृदय बिघडू शकतं. म्हणून हे इथे करायचं, बाजूला मदत तयार ठेवून.

"बहुतेक वेळा काही होत नाही," ते म्हणाले. "बहुतेक."

ती चकती त्यांनी खणात टाकली आणि खण बंद केला.

तो 'बहुतेक' मी घरी घेऊन आले. स्वेटराच्या तीन रविवारी काहीच झालं नव्हतं, कारण यंत्राला काही कळलंच नव्हतं. पण त्याआधीचे दहा-बारा रविवार? तेव्हा आकडा बरोबर यायचा. म्हणजे तेव्हा चुंबक खरंच काम करत होतं. आम्ही हसत होतो ते रविवार खरे भयंकर होते, आणि घाबरत होतो ते निर्धोक. हे परतीच्या रिक्षात माझ्या लक्षात आलं. त्यानंतर कित्येक महिने भाजी चिरताना, टाके मारताना, मधेच ते रविवार एकेक करून आठवायचे. या रविवारी झालं असतं तर. त्या रविवारी. दूरच्या ग्रहावरच्या कुठल्याही संकटानं मला इतकं घाबरवलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी कुकर लावला. आम्ही चौघं जेवलो. हे मंडईतून आल्यावर त्यांना थोडक्यात सांगितलं होतं. कुणी मला रागावलं नाही, त्यानंच जास्त धाकधूक होत होती. जेवणं झाल्यावर सासूबाई हात पुसत बाहेर आल्या आणि बाबांच्या खुर्चीसमोर पाट टाकून बसल्या.

"मला शिकव," त्या म्हणाल्या.

"काय, आई?"

"नाडी. कुठं धरायची ते दाखव."

मी पुढे झाले. त्या माझ्याकडे न बघता बोलत राहिल्या. "पहाटे उठले की यांच्या नाकापुढे हात धरते मी. ऑपरेशन झाल्यापासून रोज. हाताला ऊब लागली की मग दूध तापवायला जाते. एखाद दिवशी कूस वळून झोपलेले असतात, लवकर लागत नाही. तेवढा वेळ..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तुम्हाला दोघांना निदान आकडा तरी मिळायचा. मला कुणी विचारलं का?"

बाबांनी मान खाली घातली. मी तर जमिनीत जायची बाकी होते. खंडेनवमीला तबकातली वाटी का वाजत होती ते मला तेव्हा समजलं.

मी त्यांची तीन बोटं उचलून बाबांच्या मनगटावर ठेवली. अंगठ्याच्या खाली, जरा आत. "फार दाबू नका. लागतंय?"

त्यांनी डोळे मिटले. "हो."

"मी घड्याळ बघते. आता मोजा."

त्यांचे ओठ हलायला लागले. बोटं मनगटावर, कपाळावर आठी. अठ्ठावीस, एकोणतीस. एकतिसाला त्या थांबल्या आणि डोळे उघडले.

"मधे एक उशिरा आला का गं?"

"नाही, आई."

"मग मीच घाबरले." त्यांनी बोटं सरकवून पुन्हा नीट धरली. "पहिल्यापासून सांग."

"सावकाश होऊ दे," बाबा म्हणाले. "मला कुठं जायचंय?"

"तुम्ही बोलू नका," सासूबाई म्हणाल्या. "मोजतेय ना मी."